नावाआधीचा श्वास

"माझी बायकू मला आत्माराम म्हणती," तात्या म्हणाले आणि काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बसून राहिले.

जयमालानं स्क्रीनवरून मान वर केली. "मग? नाव तेच न्हाई का तुमचं?"

"तेच हाय की."

"शिव्या देत्यात का शकूकाकू?"

"न्हाई गं बाई. शिव्या दिल्या असत्या तर तुझ्याकडं कशाला आलो असतो? घरच्या घरी परत केल्या असत्या." तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "सकाळी म्हणती, आत्माराम, चहा निवतोय. कंडक्टर म्हणतो ना, विटा आलं, उतरा, तसं. सगळा जलम गेला, कधी नाव घेतलं न्हाई तिनं. कुणी विचारलं, मालकाचं नाव काय, की थांबायची. मग पोराला म्हणायची, सांग रं तुझ्या बाचं नाव. ती थांबायची ना, तवा मला..." तात्या खिडकीकडं बघायला लागले. "बरं वाटायचं."

"कुठं बरं वाटायचं? छातीत? पोटात?" जयमालानं सवयीनं विचारलं. हा प्रश्न तिला प्रशिक्षणात शिकवला होता आणि तो कुठंही चालायचा.

तात्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कानाच्या पाळ्यांत."

वाघजाईवाडीचा मनाचा दवाखाना उपकेंद्राच्या मागच्या खोलीत भरायचा. डॉक्टर आफरीन मुजावर मिरजेहून दर गुरुवारी यायच्या. बाकीचे दिवस जयमाला बाबर ही मनताई तो सांभाळायची. सुरुवातीला खोलीत कुणी पाय ठेवत नव्हतं. "डोकं तपासायला जायला आमचं काय डोकं फिरलंय?" असं म्हणत बायका शेजारच्या खोलीत गुडघ्याचं औषध घ्यायच्या, आणि गुडघ्याचं सांगता सांगता रडायच्या. गुडघ्यावर एवढं रडू येत नाही, हे कंपाउंडरलाही कळायचं.

दुखणं गावाच्या धंद्यातच होतं. इथला घरटी एक तरी माणूस गलाईला गेलेला. जुने दागिने भट्टीत वितळवायचे, त्यांतला मळ काढायचा आणि चोख सोनं परत करायचं. त्रिशूरपासून तिनसुकियापर्यंत जिथं सोनारपेठ तिथं खानापूर तालुक्यातला माणूस. त्या सोन्याच्या धुरातून गावात बंगले उभे राहिले. फाटकावर सिमेंटचे सिंह, जिन्याला स्टीलचे कठडे, आणि वर्षभर दाराला कुलूप. ज्या बंगल्यांत माणसं होती तिथं म्हातारी आणि सून, दोघीच. त्याही स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत राहायच्या, कारण एवढी फरशी पुसणार कोण? टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबं आली, बिनड्रायव्हरची एसटी आली. माणसं मात्र वाघजाईच्या जत्रेलाच यायची.

मग दवाखान्यात ठुशी आली. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. पण बोटभर रुंदीची, गळ्याला बेतशीर बसणारी ती पट्टी पहिल्यांदा बघितली तेव्हाच बायकांनी तिचं बारसं करून टाकलं.

डॉक्टर आफरीननी पहिल्या दिवशीच तिचं शास्त्र सांगितलं, आणि गलाईच्या गावाला ते समजायला वेळ लागला नाही. आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. आठवली की ती वितळते. मेंदूतल्या पेशींचे ज्या जोडांवर ती उभी असते ते जोड काही काळ सैल पडतात, आणि मग ती नव्यानं गोठते. वितळलेली असतानाच तिच्यातला मळ काढता येतो. घटना विसरायची नाही. घटनेबरोबर जी धडधड उसळते तेवढी काढायची. प्रश्न होता तो नेमका क्षण पकडण्याचा. माणूस बोलता बोलता दुखऱ्या जागेपाशी आला की श्वास किंचित अडतो, स्वरयंत्र वर उचललं जातं. ऐकणाऱ्याच्या कानाला हे कळत नाही, गळ्यावरच्या पट्टीला कळतं. आणि मेंदूकडून काळजाकडं, फुफ्फुसांकडं, पोटाकडं उतरणारा एक लांब मज्जातंतू त्याच गळ्यातून जातो. पट्टी अडखळ ओळखायची आणि तिथल्या तिथं त्या तंतूला बारीक इशारा द्यायची. मुंगी चालल्यासारखा. शांत हो, काही झालेलं नाही. काही बैठका झाल्या की आठवण तीच राहायची, पण थंड.

"म्हणजे टंच वाढतोय की," पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली होती. सोन्याच्या कसाला गलाईवाले टंच म्हणतात. डॉक्टर आफरीननी तो शब्द लगेच उचलला.

बायका रांग लावून आल्या आणि झोपायला लागल्या. कुणाची सासऱ्यानं मोडलेली शाळा, कुणाचं गेलेलं लेकरू, कुणाचा विहिरीचा काठ. स्क्रीनवरचे लाल ठिपके एकेक करून विझत गेले. ठिपके यंत्रच शोधायचं, यंत्रच विझवायचं. जयमालाला ते विझताना बघून दिवाळीनंतर पणत्या आवरल्यासारखं वाटायचं.

तात्यांच्या तक्रारीनंतरच्या गुरुवारी डॉक्टर आफरीननी सगळ्या नोंदी एकाखाली एक लावल्या. पन्नाशीपुढच्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या नोंदीत एक ठिपका एकाच जागी होता. नवऱ्याचं नाव सांगा, या प्रश्नापुढं.

त्या आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "यंत्रानं चूक केली असंही म्हणता येत नाही, ताई. शरीराला ब्रेक एकच आहे. भीतीनं दाबला काय, लाजेनं दाबला काय, मायेनं दाबला काय, चाकाला काय कळणार?"

"मला कळायला पाहिजे होतं," जयमाला म्हणाली. "मी हितलीच."

"आणि माझी अम्मी अब्बांना जन्मभर 'सुनते हो' म्हणते. मला नको कळायला?"

"मग आता शकूकाकूंचं परत पहिल्यासारखं..."

"चोख झालेल्या सोन्यात मळ परत घालतात का कुणी?"

त्या दिवसापासून विझवायचं बटण डॉक्टरांच्या हाती आलं, आणि प्रत्येक बैठकीआधी एक नवा प्रश्न विचारायचा असं ठरलं: कुठली अडखळ राहू द्यायची? शकूकाकूंना मुद्दाम बोलावून झाला प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रुसू दे आत्मारामाला," म्हणाल्या. "मला रातभर झोप लागती." मग दारातून परत फिरल्या. "लईच रुसलाय का?"

त्या गेल्यावर डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला. "ताई, सगळ्या गावाची झाली. तुमची बैठक कधी? चालता चालता डोळे मिटतात तुमचे. मागच्या गुरुवारी नाडीचा ठोका चुकलेला मी बघितलाय."

"बघू की," जयमाला म्हणाली. हे ती कधीपासून म्हणत होती.

घरी फाटक करकरलं. त्याला तेल घालायची बंदी होती. "वाजू दे. आलेलं कळतं," असा सासूचा हुकूम होता, आणि बंगल्यात एवढा एकच हुकूम दोघीही न भांडता पाळायच्या.

सुदाम तिनसुकियाला गेला तेव्हा रोज फोन करायचा. मग सणावारी करायला लागला, मग बंद. तिकडून येणारे लोक म्हणायचे, बरा हाय, आणि नजर दुसरीकडं वळवायचे. जयमालाच्या पोटी मूल नव्हतं. घरात ती आणि आत्या. इकडं सासूला आत्याच म्हणतात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही तसं सासूचंही नाही. एवढ्या वर्षांत दोघी सुदामवरून कधी बोलल्या नाहीत. त्याऐवजी मिठावरून भांडल्या, टीव्हीच्या आवाजावरून भांडल्या, एकमेकींच्या केसांना तेल लावून दिलं आणि तेल जास्त झालं म्हणून परत भांडल्या.

"माले," आत्या त्या दिवशी उंबऱ्यातच बसल्या होत्या. "भिकू सोनार आलाय तिनसुकियाहून. म्हणतोय, सुदाम येणार हाय औंदा जत्रंला."

जयमालानं पिशवी खाली ठेवली. तिचा श्वास आत गेला आणि तिथंच बसून राहिला, पाहुण्यासारखा. भाजी निवडताना, भाकरी थापताना, तो बाहेर यायचं नावच घेईना.

"आत्या, मी ठुशी घालून घ्यावी म्हणते."

"घाल की. मग दारात उभी ऱ्हाऊन म्हण, ए सुदाम!"

"चेष्टा नका करू. ह्यांना एक विचारायचंय मला. इचारताना रडायचं न्हाई."

आत्यांनी शेंगा सोलायचं थांबवलं. काय विचारायचंय, हे त्यांनी विचारलं नाही. "मला बाई ते नगं. माझ्या गळ्यातलं कवाच उतरलं. आन पोराचं नाव घेताना आईला कुठं थांबावं लागतंय?"

"तुम्ही जेवताना थांबता. फाटक वाजलं की घास हातातच ऱ्हातो."

"तो घास माझा हाय. त्याला तुझ्या डॉक्टरणीनं हात लावायचा न्हाई."

बैठकीला डॉक्टर आफरीननी स्वतः पट्टी बसवली. घरात कोण कोण, या प्रश्नाला जयमाला सरळ म्हणाली, "मी आणि आत्या." ठिपका पेटला नाही. नवऱ्याचं नाव, म्हटल्यावर ती थांबली आणि स्क्रीन लाल झाली.

"कुठली अडखळ राहू द्यायची?"

त्या लाल ठिपक्यात काय काय होतं, हे तिला माहीत होतं. लग्नानंतर याच गावच्या उंबऱ्यावर बायकांनी वाट अडवून नाव घे म्हटलं होतं. ती अशीच थांबली होती, आणि मागं उभा राहिलेला माणूस हळूच हसत म्हणाला होता, "विसरलीस व्हय?" त्या हसण्याचा वारा तिच्या मानेला लागला होता. तो वारा अजून होता. सगळं गेलं तरी तो तेवढा होता, म्हणून तर ती बघू की, बघू की करत होती.

"एक पण नको," ती म्हणाली. "तीच काढा."

"नक्की?"

"झोप पाहिजे मला, डॉक्टर."

झोप मिळाली. अशी मिळाली की पहाटे दूधवाला हाका मारून परत जायला लागला. पोस्टात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर ती म्हणायची, सुदाम बाबर, आणि पुढचं काम सांगायची. उंबऱ्यावरची ती दुपार आठवायची, मागचा माणूसही आठवायचा, वारा नसायचा. फोटोत झाड हलत नाही, तसं. एक दिवस तिला फाटकाच्या करकरीचा कंटाळा आला आणि तिनं बिजागऱ्यांना तेल घातलं. आत्या तेव्हा देवळात होत्या.

म्हणून सुदाम आला तेव्हा कुणाला कळलंच नाही. जयमाला अंगणात सांडगे वाळत घालत होती. मान वर केली तर समोर एक पिकलेल्या मिशांचा माणूस बॅग धरून उभा. तेजाबानं बोटांची टोकं पिवळी पडलेली. श्वास घेताना छाती वाजत होती.

"सुदाम, चपला तिथंच काढा," ती म्हणाली. "आत पुसलंय."

तो शिव्यांची तयारी करून आला असावा, रडण्याची तर नक्कीच. याची तयारी त्याच्यापाशी नव्हती. त्यानं तोंड उघडलं, थांबला, गिळलं, मग म्हणाला, "जयमाला." अडखळ तिला स्वच्छ ऐकू आली. कामाचा कान होता तिचा. लाल ठिपका, तिनं मनात नोंद केली. जुना.

आत्यांनी आधी पोराला चापट्या मारल्या, मग जेवायला वाढलं, मग जेवताना परत एक मारली.

संध्याकाळी ओट्यावर जयमालानं तो प्रश्न विचारला. वर्षानुवर्षं छातीवर बसलेला प्रश्न तिच्या तोंडून बाहेर आला तो, तिकडं पाणी किती वाजता येतं, असा.

"तिकडं कोण हाय का?"

सुदामनं पिवळी बोटं एकमेकांवर घासली. "हाय. एक मुलगी बी हाय. पाचवीत."

"नाव काय तिचं?"

"माझ्या आईचंच ठेवलंय."

उत्तर ऐकून जयमालाला भूक लागली. तिला स्वतःचंच नवल वाटलं, आणि थोडा अभिमानही. आत जाऊन तिनं उभ्या उभ्या एक भाकरी खाल्ली.

जत्रा झाली. पालख्या, कुस्त्या, तमाशा, सगळ्या बंगल्यांत दिवे. शकूकाकू आणि तात्या पाळण्यांपाशी दिसले. काकू तात्यांना काहीतरी दाखवत होत्या आणि हाक मारण्याआधी उगाचच थांबत होत्या, मोजून, नाटकातल्यासारखं. तात्यांना ते कळत होतं. तरी कानाच्या पाळ्यांना हात लावत होते.

निघायच्या आदल्या दिवशी सुदाम म्हणाला, "आईला न्यावं म्हणतोय. थोडे महिने. नातीला बघू दे. तिकडं बी असाच दवाखाना हाय, औषधपाण्याची काळजी न्हाई."

आत्या चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला, जत्रेत पैसे हातात दिल्यासारखा. मग त्यांनी जयमालाकडं बघितलं आणि तो चेहरा घाईघाईनं झाकला.

"माले, तू सांग. जाऊ का नगं?"

जयमालानं स्वतःच्या आत डोकावून बघितलं. सुदाम नेतोय, सुदामच्या घरी, सुदामच्या बायकोकडं. कुठं काही पेटलं नाही. सगळं चोख होतं.

"जावा की आत्या. नात हाय."

आत्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "एवढंच?"

"गोळ्या बांधून देते. बीपीच्या पांढऱ्या, सकाळच्या पिवळ्या."

"बरं," आत्या म्हणाल्या. आणि परत, "बरं."

गाडीत बसण्याआधी सुदाम जयमालापाशी आला. "एकदा पहिल्यासारखं हाक मार की. अहो म्हण."

"अहो," ती म्हणाली. शब्द पाटीवर वाचल्यासारखा पुरा आला. तो मान हलवून गाडीत जाऊन बसला.

आत्या फाटकापाशी थबकल्या. त्यांनी फाटक पुढं ढकललं, मागं ओढलं. परत ढकललं.

"तेल घातलंस?"

"व्हय."

"मग मी आलेली तुला कसं कळायचं?"

जयमालाला हसू आलं. म्हातारीचं काहीतरीच, असं वाटलं तिला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, धूळ बसली, तरी ती हसतच होती. हसू कुठं ठेवावं हे कळेना तेव्हा ती आत गेली. स्वयंपाकघरात भाजीत मीठ जास्त झालं होतं, आणि तसं म्हणायला कुणी नव्हतं.

गुरुवारी दवाखान्यात जायच्या आधी तिनं सोड्याच्या पाण्यानं दोन्ही बिजागऱ्या घासून पुसल्या. तेल गेलं. फाटक अजून वाजत नव्हतं. गंज चढायला पावसाळा जावा लागेल.

डॉक्टर आफरीन लवकर आल्या होत्या आणि चहा घेत नोंदी बघत होत्या. जयमालाला आत्यांची औषधांची नोंद तिनसुकियाच्या केंद्राला पाठवायची होती. नोंद पाठवायची तर मनताईनं स्वतः ठुशी घालायची, म्हणजे आवाजाची ओळख पटते, आणि रुग्णाचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. रोजचं काम. तिनं पट्टी लावली.

"रुग्णाचं नाव सांगा," यंत्र म्हणालं.

जयमालानं तोंड उघडलं. श्वास आत गेला.

आणि बसून राहिला.

लग्न झाल्यापासून ते नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं. उपकेंद्रातल्या नोंदीत ते आत्यांनी स्वतः सांगितलेलं. रेशनकार्डावर सुदामनं. तिला कधी लागलंच नव्हतं. हाक मारायला आत्या पुरे होतं, आणि हाक मारायला आत्या असायच्याच. तेल जास्त झालेलं ते डोकं, शेंगांच्या टरफलांचा ढीग, हातात थांबलेला घास. ती फाटकातून आत आली की स्वयंपाकघरातून पहिला शब्द यायचा, "उशीर केलास." काल संध्याकाळी तो आला नाही. परवाही आला नव्हता. मानेला कुठून तरी वारा लागला.

स्क्रीन लाल झाली.

डॉक्टर आफरीननी कप खाली ठेवला. "ताई, ही नवी आहे."

"जुनीच हाय, डॉक्टर. आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं."

यंत्र तयार होतं. ठिपका सापडला की विझवायची त्याला सवय होती. डॉक्टरांनी बटणावर बोट नेलं, पण दाबलं नाही. नियमाप्रमाणं आधी प्रश्न विचारायचा होता. तो त्यांनी अगदी हळू आवाजात विचारला. "ही...?"

"ही राहू द्या."

"झोप जाईल, ताई."

"जाऊ दे."

डॉक्टरांनी बोट मागं घेतलं आणि उगाचच खिडकी उघडायला उठल्या.

"नाव ऐकू आलं नाही," यंत्र म्हणालं. "पुन्हा सांगा."

"सांगते," जयमाला म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि परत श्वास घेतला. "जरा थांब."